सत्तेचाळीस जिल्ह्यांचे चाचा

एका सज्जन जोडप्याला मी एकदा चेरीची फुलं दाखवते म्हणून बर्फाच्या ढिगाऱ्यांकडे धाडलं होतं. महिना त्यांचा, पण गाव मी निवडलं, हॉटेल मी घेतलं, आणि वर निघताना त्या वहिनींना म्हणाले, "येताना माझ्यासाठी एक पाकळी आणा हं वहीत दाबून." पाकळी! त्या गावात त्या वेळी झाडाला पानसुद्धा नव्हतं. आणि मी? वय पंचेचाळीस, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, ओठांना मीना बाजारातून घेतलेली नवी लिपस्टिक, आणि डोक्यात पक्का समज की जपान आपल्याला कळला.

हे आता आठवायचं कारण माझी नात. शारजात जन्मली, शारजात वाढली, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत. परवा फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आजी, व्हिच मंथ इज बेस्ट फॉर जपान?"

"कुठल्या जिल्ह्यात?" मी विचारलं.

"जिल्हा? आजी, आय सेड जपान!"

मी इतकी हसले की कवळी सावरावी लागली. कारण असंच 'आय सेड', ह्याच ठसक्यात, मी एकदा चाचांना ऐकवलं होतं.

चाचा म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने गृहस्थ. बर दुबईत, कापडाच्या दुकानांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमची ट्रॅव्हल एजन्सी होती. चार टेबलं, एक मालक, एक एसी. मालकांचं धोरण सोपं: "टोकियो, क्योटो, बुलेट ट्रेन, वापस. यल्ला, खलास." आणि कोपऱ्यातल्या टेबलावर चाचा, ज्यांनी वर्षानुवर्षं हे धोरण मोडीत काढलं. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे. पांढरी दाढी, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशाला चार पेनं, चार रंगांची. मला ते "बाये" म्हणायचे. मी कामाला लागले तेव्हा मुलं कॉलेजात गेली होती, नवरा दिवसभर साइटवर, आणि शारजाच्या फ्लॅटमध्ये भिंतींशी बोलून मला कंटाळा आला होता. मालकांनी मला चाचांच्या हाताखाली दिलं.

पहिल्याच सकाळी काय बघितलं, तर बाहेर भर हिवाळ्यातही तीस डिग्री, आणि चाचा अंगात स्वेटर घालून चहा पीत बसलेले.

"बरं नाही का चाचा?"

"मला काय झालंय? आज निगाताला बर्फ पडतोय."

त्यांच्या टेबलामागे एक पांढरा फळा होता. रोज सकाळी ते चार पेनांनी त्यावर जपानचं लिहायचे. निळ्याने बर्फ, गुलाबीने फुलं, हिरव्याने फळं, लाल रंगाने जत्रा. 'यामागाता: चेरी पिकल्या.' 'कोची: मासे आले.' 'तोयामा: वाऱ्याचा सण, तीन दिवस नाच.' बाहेर बारा महिने तेच ऊन, तोच पांढरा रस्ता, आणि आत त्या फळ्यावर ऋतू बदलत असायचे. तिकिटाला आलेली माणसं तिकीट विसरून फळा वाचत उभी राहायची. एक केरळी ड्रायव्हर तर फक्त फळा वाचायला यायचा. "चाचा, आज क्या खिला है?" असं दारातूनच विचारून परत जायचा.

चाचा जपानला कधीही गेले नव्हते.

हे मला तीन महिन्यांनी कळलं, आणि कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं. मी सरळ विचारलं, "मग एवढं छातीठोक कसं सांगता?"

"बाये, तू चंद्रावर गेलीस काय? मग पौर्णिमा कशी सांगतेस?"

मग त्यांनी पुढे आपणहून सांगितलं. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करायचे. दक्षिणेकडच्या एका जपानी बंदरात जहाज तीन दिवस लागलं. खाली उतरायचा परवाना काहीजणांनाच, त्यात ह्यांचं नाव नाही. मग कांदे चिरत डेकवर बसले. समोर एक डोंगर. पहिल्या दिवशी खाकी, दुसऱ्या दिवशी त्याला कुणीतरी पिठी लावल्यासारखी, तिसऱ्या दिवशी सगळा गुलाबी-पांढरा. "तीन दिवसांत डोंगराने कपडे बदललेनीत गो! आणि मी कांदा चिरतोय, डोळ्यांतून पाणी. आमचा मुकादम, तांडेल, म्हणाला रडतोस काय. मी म्हटलं कांदा आहे." खालून धक्क्यावरच्या एका हमालाने त्यांना एक संत्रं फेकून दिलं. चाचांनी वरून कांदा फेकला. एवढीच त्यांची जपानशी प्रत्यक्ष देवघेव.

त्यानंतर जे काही होतं ते पुस्तकांतून, नकाशांतून आणि गिऱ्हाइकांच्या तोंडून. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते जाताना एक छोटी कोरी वही द्यायचे. जपानात म्हणे जवळजवळ प्रत्येक बऱ्या स्टेशनवर एक शिक्का ठेवलेला असतो, त्या गावच्या चित्राचा. कुठे किल्ला, कुठे खेकडा, कुठे गरम पाण्याचं कुंड. कुणीही यावं, शाई लावावी, ठोकावा. "पैसे मालकाला द्या, मला शिक्के आणा," हे चाचांचं वाक्य. अशा वह्यांनी त्यांचा सगळा खण भरलेला. दुपारी जेवण झालं की ते एखादी वही उघडून बसायचे आणि मला म्हणायचे, "चल, शिमानेला जाऊन येऊ."

टोकियो विकायला त्यांचा जीव होत नसे. "टोकियो म्हणजे दुबईच, फक्त रांगेत उभी," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचे. मालक कपाळाला हात लावायचे. गिऱ्हाईक आलं की आम्ही सगळे तारखा विचारायचो, बजेट विचारायचो. चाचा विचारायचे, "तुम्ही काम काय करता? जेवणात काय आवडतं? घरात आवाज जास्त कुणाचा?" लोक आधी चिडायचे, मग खुर्ची पुढे ओढायचे.

एकदा रायगडकडचं एक मोठं मुसलमान कुटुंब आलं. आजी, दोन मुलगे, सुना, नातवंडं. आजीला कुठल्याच प्रवासात अन्न जात नसे आणि तिचं सुक्या मासळीचं पाकीट बॅगेत निघालं की सुनांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सुनांना टोकियोचे मॉल हवे होते. चाचांनी आजीकडे बघितलं आणि सगळ्यांना पार उत्तरेकडे आओमोरीला धाडलं. तिथे हिवाळ्यात एक जुनी गाडी चालते, डब्यात कोळशाची शेगडी असते आणि त्या शेगडीवर सुकं माकूल, म्हणजे स्क्विड, भाजून विकतात. आजीने ते माकूल खाल्लं, म्हणाली, "बरं आहे, पण मिठाला कमी," आणि पर्समधून आपले सुके बोंबील काढून शेगडीवर ठेवले! सुनांनी डोळे मिटून घेतले. पण डब्यातले जपानी म्हातारे उठून आले, वास घेतला, एकेक तुकडा मागून घेतला, आणि आजीभोवती बसले ते शेवटच्या स्टेशनापर्यंत. परत आल्यावर आजी चाचांना म्हणाली, "आपलीच माणसं रे ती. फक्त कपडे जाड."

चाचांना हेच सिद्ध करायचं असायचं, सगळं कसं आपल्यासारखंच आहे. ओगा नावाच्या भागात वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी गवताचे झगे आणि राक्षसाचे मुखवटे घालून माणसं घरोघर शिरतात, पोरांना दरडावतात, "रडकं पोर कोण आहे इथे?" चाचांनी मला त्याचा फोटो दाखवला. "ओळखलंस?" मी म्हटलं नाही. "अगो, आपला शिमग्यातला संकासुर! आमच्या मोहल्ल्यात यायचा तेव्हा माझी आई त्याला नारळ द्यायची आणि मी पलंगाखाली." मग तासभर त्यांनी मला संकासुराची चाल करून दाखवली, टेबलांमधून. मालक बँकेच्या माणसाला घेऊन आत आले तेव्हा चाचा फाइलच्या कपाटाआडून दरडावत होते.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

वर्षभर चाचांच्या हाताखाली काढल्यावर मला शिंगं फुटली होती. शारजा ते बर दुबई रोजचा ट्रॅफिक, सकाळी दीड तास, संध्याकाळी दोन. त्या वेळात मी गाडीत बसून त्यांची पुस्तकं वाचून काढायची. मैत्रिणींच्या भिशीत मी 'सामुराई' हा शब्द दर दहा मिनिटांनी काढायची. एकीने वैतागून विचारलं होतं, "तो तुझा दीर आहे का गं?" अशात फेब्रुवारीत चाचा दीड महिना सुट्टीवर गावी गेले, पुतणीच्या लग्नाला. जाताना म्हणाले, "बाये, एक ध्यानात ठेव. जपान म्हणजे देश नाही, सत्तेचाळीस जिल्हे. कुणी आलं तर मला फोन कर."

"चाचा, मला येतं आता. आय सेड, डोंट वरी!" असं मी म्हणाले होते. इंग्रजीत म्हणाले, म्हणजे बघा.

ते गेले आणि आठवड्यात ते जोडपं आलं. साहेब रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात. मूळचे सांगलीकडचे. जाडजूड, मिशीवाले, हातांवर जुन्या भाजल्याचे डाग. बरोबर वहिनी, बारीक, नीटनेटकी साडी, मांडीवर पर्स. साहेब म्हणाले, "मॅडम, मे महिन्यात आम्ही कायमचे सांगलीला चाललो. सत्तावीस वर्षं झाली. हिला कुठ्ठं नेलं नाही मी. आता व्हिसा कॅन्सल व्हायच्या आधी एकदाच काय ते. हिला ती जपानची गुलाबी फुलं बघायचीत. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रजा मिळतेय."

वहिनी नुसत्या हसल्या. मी त्यांच्याकडे बघून अशी काही मान हलवली, जणू बायकांचं बायकांना कळतं.

मग मी कॅटलॉग उघडलं. त्यातलं एक पान मला फार दिवसांपासून आवडायचं. उत्तरेकडचं हिरोसाकी नावाचं गाव, छोटासा किल्ला, लाल पूल, आणि किल्ल्याच्या खंदकात पाणी दिसतच नाही इतक्या पाकळ्या पडलेल्या. गुलाबी गालिचा. फोटो बघून साहेबांनी ते कॅटलॉग आपल्याकडे ओढूनच घेतलं. मी लगेच दोन रात्री टोकियो आणि पुढे सहा रात्री हिरोसाकी बुक केलं. मार्च म्हणजे फुलं, फुलं म्हणजे जपान, जपान म्हणजे सगळीकडे जपान. अबू धाबीहून निघून रास अल खैमाला पोचलं तरी हवा तीच, घाम तोच. इतकी वर्षं ह्या देशात राहिल्यावर माझ्या डोक्यातून हेच निघून गेलं होतं की एका देशात एकाच दिवशी दोन ऋतू असू शकतात. फळ्याकडेही बघितलं नाही, कारण चाचा नव्हते तेव्हा फळा मी पुसून त्यावर मालकांच्या मीटिंगच्या वेळा लिहिल्या होत्या.

जोडपं उडालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा सुट्टीवरून हजर. हातात माझ्यासाठी कोकमाची पिशवी. मी कौतुकाच्या अपेक्षेने ती फाइल त्यांच्यापुढे ठेवली.

ते वाचत गेले. पहिल्यांदा चष्मा काढून पुसला. मग कोकमाची पिशवी माझ्या टेबलावरून उचलून परत आपल्या टेबलावर ठेवली.

"बाये, पाऊस केरळात आला म्हणून तू रत्नागिरीत छत्री उघडतेस काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे ही फुलं जानेवारीत ओकिनावाला निघतात. चालत चालत वर जातात. होक्काइदोला पोचेस्तोवर मे महिना. हिरोसाकीला कधी पोचतात ठाऊक आहे? एप्रिलचा शेवट! आज तिथे खंदकात काय आहे? बर्फ! पुलावर काय आहे? बर्फ! तुझ्या त्या वहिनींनी काय करायचं सहा दिवस? भुतं मोजायची?"

मी आधी मालकांच्या केबिनकडे बघितलं, हे कबूल करते. मग त्या बाईंची मांडीवरची पर्स आठवली, आणि नोकरी वगैरे डोक्यातून गेली. चाचा म्हणाले, "मालकाला मागाहून सांगू. ह्या माणसांची दुसरी ट्रिप नाही गो. आज टोकियोत आहेत, उद्या सकाळी उत्तरेची गाडी. आज संध्याकाळच्या आत ह्यांना फुलांकडे वळवायचं."

कुठे वळवायचं, हे त्यांनी कसं ठरवलं ते मी डोळ्यांनी बघितलं. आम्ही कुणी कधी वाचत नाही ती ओळ त्यांनी वाचली: व्हिसाच्या अर्जातला व्यवसाय. 'भट्टी सुपरवायझर.' चाचा खुर्चीतून उठलेच. "भट्टीवाला माणूस! आणि तू त्याला बर्फात टाकलंस!" खण उघडून त्यांनी एक वही काढली, पानं उलटली आणि एका शिक्क्यावर बोट ठेवलं. दक्षिणेकडचं क्युशू बेट, सागा जिल्हा, आरिता. चारशे वर्षांपासून चिनी मातीची भांडी करणारं गाव. "फुलं आता तिथे उघडतायत. आणि गाव सगळं भट्टीचं."

पण फुलांचा हंगाम, म्हणजे क्युशूत खोली मिळणं मुश्कील. मी सात हॉटेलांना फोन केले, सात ठिकाणी नम्र नकार. जपानी नकार फार वाईट, बाई. एवढ्या आदराने सांगतात की आपणच त्यांची माफी मागतो. चाचांनी मात्र फॅक्स मशीनवरचं कापड काढलं. ते मशीन ऑफिसात फक्त त्यांच्यासाठी जिवंत होतं. आरितात एक म्हातारी बाई आपल्या घरात चार खोल्या पाहुण्यांना द्यायची. चाचांनी अनेक वर्षं तिच्याकडे माणसं पाठवली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, चाचांना जपानी येत नव्हतं. पत्रव्यवहार चित्रांतून.

चाचांनी कागद घेतला. एक मिशीवाला माणूस काढला, त्याच्या हातात फावडं, समोर ज्वाळा असलेली भट्टी. शेजारी साडीतली बाई. मग त्यांच्या डोक्यावर बर्फाचा ढग, बर्फावर मोठी फुली. खाली एक टेबलाशी बसलेली रडणारी बाई.

"ही कोण?" मी विचारलं.

"तू."

"मी इतकी जाडी आहे?"

"घाईत काढलंय."

फॅक्स गेला. आम्ही दोघं मशीनसमोर उभे. मालक बाहेर आले, "क्या चल रहा है?" चाचा म्हणाले, "कुछ नहीं सेठ, आर्ट." तासाभराने मशीन खरखरलं. कागद बाहेर आला: दोन गाद्या, शेजारी दोन वाफाळते कप, खिडकीबाहेर एक फांदी, तिच्यावर पाच-सहा फुलं आणि बऱ्याच कळ्या. आणि त्या रडणाऱ्या बाईचं चित्र पुन्हा काढलेलं, ह्या वेळी हसताना. तिथेही जाडीच.

मी चाचांना मिठीच मारणार होते. त्यांनी कोकमाची पिशवी मध्ये धरली.

साहेबांना फोन चाचांनीच केला. माझं नावही घेतलं नाही. "साहेब, इधर आमच्याकडे एक खास बेत ठरलाय तुमच्यासाठी. उत्तरेची गाडी सोडा. रेल्वेचा पास सगळ्या देशाला चालतो, उद्या सकाळी दक्षिणेची पकडा, ओसाकाला बदला." पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण चाचा म्हणाले, "फुलं तर आहेतच. आणि भट्ट्या आहेत." मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते आणि दाढीतल्या दाढीत हसत होते.

चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. स्पीकरवर टाकला. वीस मिनिटं माणूस विटांबद्दल बोलत होता! आरितात म्हणे जुन्या मोडलेल्या भट्ट्यांच्या विटांनी गल्ल्यांच्या भिंती बांधल्यात. शेकडो वर्षांच्या आचेने विटांवर काच चढलेली, कुठे हिरवी, कुठे मधासारखी. "चाचा, वीट बघून मी हिला सांगतो, ही तोंडाजवळची, ही पाठीमागची, हिला आच कमी लागली. ही म्हणते तुम्हाला कसं कळतं. अहो, सत्तावीस वर्षं दुसरं काय केलं!" त्या म्हाताऱ्या बाईचा नवरा कुंभार. भट्टीत आच किती झाली ते कळायला मातीचे छोटे शंकू ठेवतात, ते वितळून वाकले की समजायचं. साहेबांनी त्याच्या फळीवर असे वाकलेले शंकू बघितले आणि बोट वाकवून दाखवलं. कुंभाराने आपलं बोट थोडं जास्त वाकवलं. साहेबांनी मान हलवून थोडं कमी. असं दोघं संध्याकाळभर बोटांनी भांडत बसले, म्हणे.

शेजारच्या डोंगरात आणखी एक गाव होतं, जिथे राजाने उत्तम कारागिरांना नाक्याच्या आत ठेवलं होतं. भांड्यांची कृती बाहेर जाऊ नये म्हणून माणसांनाच बाहेर जायची बंदी. साहेब म्हणाले, "आमच्यासारखंच की! आमचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, त्यांचा डोंगरात." आणि गडगडून हसले.

"आणि फुलं?" चाचांनी मध्ये घुसून विचारलं.

"हो हो, आहेत की. विटांवर पडलीत."

मालकांना मग चाचांनीच सगळं सांगितलं. मला बोलणी बसली, पण मालकांनी फॅक्समधलं माझं चित्र बघितल्यावर त्यांना रागावणं जमेना. माझी खरी शिक्षा चाचांनी ठरवली: सत्तेचाळीस जिल्हे पाठ. प्रत्येकाचं एक खाणं, एक जत्रा, फुलांचा आठवडा. रोज चार वाजता खालच्या टपरीवर कडक चहा आणि तोंडी परीक्षा. चुकलं की चहाचं बिल माझं. महिनाभर मी अख्ख्या गल्लीला चहा पाजला. टपरीवाल्यालाही शेवटी निम्मे जिल्हे पाठ झाले. मी अडखळले की तो किटली धरून मागून हळूच सांगायचा.

मालकांनी एकदा चाचांना फुकट तिकीट देऊ केलं होतं, विमान कंपनीकडून आलेलं. चाचांनी दोन दिवस ते खिशात ठेवलं आणि परत दिलं. मी ओरडले, वेडे आहात का म्हणून. ते म्हणाले, "गेलो तर एकदोन जिल्हे बघीन. इथे बसून सत्तेचाळीस बघतोय, ते सोडू?" आता ते गावी असतात, ऐंशीच्या पुढे गेलेत. अधूनमधून सकाळी फोनवर त्यांचा आवाज येऊन पडलेला असतो, दुसरं काही नाही, फक्त: "बाये, नागानोला सफरचंदाला मोहर." मी शारजाच्या फ्लॅटमध्ये पडदा सरकवते, बाहेर तेच ऊन.

ते जोडपं परतल्यावर ऑफिसात आलं तेव्हा एप्रिल लागला होता. साहेब विटेचा एक तुकडा घेऊन आले होते, म्हाताऱ्या कुंभाराने दिलेला, रुमालात गुंडाळून. चाचांना तो दाखवायला ते त्यांना खाली चहाला घेऊन गेले. दोघांचे हात आधीच हवेत भट्ट्या काढत होते. ऑफिसात वहिनी आणि मी. त्यांनी पर्समधून एक कागदाची घडी काढून माझ्या हातात ठेवली. आत दाबलेली पाकळी. आता मात्र माझ्याच्याने राहवेना. चाचांनी मला झाकलं होतं, पण ह्या बाईने माझी पाकळी लक्षात ठेवली होती. मी सगळं भडाभडा सांगून टाकलं, हिरोसाकी, बर्फ, फॅक्स, सगळं. म्हटलं, वहिनी, तुमच्या एकुलत्या एक प्रवासाचा मी सत्यानाश करणार होते, मला माफ करा.

त्यांनी आधी दाराकडे बघितलं, जिन्यावर कुणाची पावलं नाहीत ना म्हणून. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली. त्या जे बोलल्या ते मी चाचांना आजवर सांगितलेलं नाही. वाचलं तर वाचोत.

"अहो, मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कागद दिलेत ना, त्याच संध्याकाळी पुण्याहून लेकीने सांगितलं, आई, तिथे मार्चात फुलं नसतात, बर्फ असतो. मी म्हटलं, गप्प बस, बाबांना बोलू नकोस, नाहीतर ते बदलून आणतील. फुलांचं वेड ह्यांचं, नाव माझं. सत्तावीस वर्षं उन्हात काढली हो मी, मला आपलं एकदा बर्फात उभं राहायचं होतं. दोन कानटोप्या विणून ठेवल्या होत्या, त्यांच्यापासून लपवून. मग तुमच्या चाचांचा फोन आला आणि हे टोकियोच्या त्या एवढ्याशा खोलीत उड्या मारायला लागले. काय बोलणार? पण बरं झालं. हा माणूस रोज कुठे जाऊन एवढा दमून येत होता, ते त्या विटांपाशी कळलं मला. तेवढा बर्फ मात्र राहिला हं माझा!"